मुलाचा दमा, मुलीचा दमा: ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनच्या मध्यात शाळा उघडतात, त्याच सुमाराला पाऊस धरतो आणि ठाण्यातल्या कुठल्याही बालरोग ओपीडीतली बाकडी खोकणाऱ्या पोरांनी भरून जातात. पहिली-दुसरीच्या वयात धाप लागणाऱ्यांत मुलगे जास्त असतात. दहावी-अकरावी येईपर्यंत मुली त्यांना गाठतात, पुढे मागेही टाकतात. घरचे मात्र दोन्ही वेळा निर्धास्त असतात. मुलाचा दमा ‘गेला’ म्हणून, आणि मुलीला तो ‘कधी नव्हताच’ म्हणून. माझ्या ओपीडीत आलेले, सोसायटीच्या जिन्यात थांबवून विचारलेले आणि काही मुलींनी आईला बाहेर बसवून हळूच विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

दमा मुलग्यांना जास्त होतो की मुलींना?

वय सांगा, मग उत्तर देते. दहा वर्षांखाली मुलग्यांना जास्त. किशोरवयात दोघं बरोबरीला येतात. विशीनंतर बायकांना जास्त. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय भागात दम्यासाठी रुग्णालयात दाखल झालेल्यांची मोजदाद १९९२ साली छापून आली होती. तीत दहा वर्षांपर्यंत मुलगे मुलींच्या जवळजवळ दुप्पट होते आणि वीस ते पन्नास या वयात बायका पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट. देशागणिक आकडे वरखाली होतात, पण हे वळण बहुतेक ठिकाणी सापडतं.

नाकाच्या ॲलर्जीचीही चाल साधारण अशीच आहे. लहानपणी मुलगे पुढे, वयात येताना मुली गाठतात. आशियातल्या पाहण्यांत मात्र किशोरवयातही मुलग्यांचीच आघाडी टिकलेली दिसते.

पण असं का? मुलगे तर जास्त दांडगट, जास्त मोकळ्या हवेत असतात.

दांडगटपणाचा इथे संबंध नाही, नळ्यांचा आहे. लहान मुलग्यांची फुप्फुसं आकाराने मोठी असतात, पण त्या मानाने श्वासनलिका अरुंद. मोठ्या टाकीला बारीक पाइप जोडावा तसं. मुलींची फुप्फुसं जरा लहान, पण नळ्या त्या मानाने ऐसपैस. त्यामुळे तोच सर्दीचा विषाणू, तीच सूज, तोच कफ मुलग्याच्या छातीत घरघर आणतो आणि बहिणीला नुसता खोकला. तान्ह्या वयातल्या ब्रॉन्किओलायटिसमध्येही (विषाणूमुळे बारीक श्वासनलिकांना येणारी सूज) दाखल करावं लागणाऱ्यांत मुलगे जास्त असतात, ते याचमुळे. शिवाय लहान मुलग्यांच्या रक्तात आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड जास्त सापडतं आणि त्वचेवरच्या चाचणीत धुळीतले कीटक, झुरळ वगैरेंना त्यांची कातडी जास्त वेळा फुगते.

मग वयात येणं सुरू होतं. मुलग्याची छाती रुंदावते, नळ्याही मागे पडलेलं अंतर भरून काढतात. मुलीची वाढ लवकर सुरू होते आणि लवकर थांबते. त्याच वेळी संप्रेरकं कामाला लागतात. इस्ट्रोजेन ॲलर्जीच्या बाजूच्या पेशींना चिथावतं. टेस्टोस्टेरॉन त्यांना आवरतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे चांगलं स्पष्ट दिसलं आहे. सगळा दोष संप्रेरकांवर ढकलता येत नाही. वजन, घरातली हवा, कोण झाडू मारतं, कोणाला डॉक्टरकडे लवकर नेतात, हेही त्यात मिसळलेलं असतं.

मुलगा सात वर्षांचा आहे. सासूबाई म्हणतात, बाळदमा आहे, मिसरूड फुटलं की जाईल. खरं का?

सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. मुलग्यांचा दमा किशोरवयात ओसरण्याची शक्यता खरोखरच मुलींपेक्षा जास्त असते. पण ‘ओसरला’ म्हणजे ‘गेला’ असं नाही. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. ती सव्वीस वर्षांची होईपर्यंत दर चौघांतल्या एकाहून जास्त जणांना एकतर लहानपणापासूनची घरघर चालूच होती किंवा मध्ये थांबून परत आली होती. कोणाची टिकते वा परतते, याची कारणंही त्यात दिसली: धुळीतल्या कीटकांची ॲलर्जी, श्वासनलिकांचा चिडकेपणा, लहान वयात झालेली सुरुवात, सिगारेट, आणि मुलगी असणं.

तेव्हा मिसरुडाची वाट बघत आजचा पंप कपाटात ठेवू नका. सातव्या वर्षी रात्री दोन वाजता उठून खोकणाऱ्या पोराला सोळाव्या वर्षीच्या आश्वासनाचा काय उपयोग?

मुलगी तेरा वर्षांची. जिने चढताना धाप लागते, मध्येच छाती आवळल्यासारखी वाटते. ‘अभ्यासाचं टेन्शन आहे’ असं सांगितलं गेलं. आम्हीही तेच समजावं का?

नाही. निदान तपासल्याशिवाय तरी नाही.

एक कबुली देते. अशाच एका मुलीला मी स्वतः दोन भेटींत ‘परीक्षा झाली की बरं वाटेल’ असं म्हणून परत पाठवलं होतं. स्टेथोस्कोप लावला तेव्हा छाती स्वच्छ होती, ती बोलताना रडली, आणि मी सोपं उत्तर उचललं. तिसऱ्या वेळी तिच्या बाबांनी मोबाइलवर रात्रीच्या खोकल्याचा आवाज ऐकवला. तेव्हा फुंकर चाचणी केली आणि दमा समोर आला. तिच्या थोरल्या भावाला मात्र पाचव्या वर्षी पहिल्याच घरघरीला पंप दिला होता, तोही मीच. डेन्मार्कमध्ये किशोरवयीन मुलांची तपासणी झाली होती, त्यात निदान न झालेल्या दम्यात मुलींचीच संख्या जास्त निघाली. म्हणजे ही चूक एकट्या माझी नव्हती. याने मला दिलासा मिळाला असं मात्र नाही.

या वयाच्या मुलीच्या धापेमागे तीन-चार गोष्टी असू शकतात आणि त्या एकमेकींत गुंतलेल्याही असतात.

दमा असेल तर खोकला रात्री किंवा पहाटे येतो, सर्दी झाली की छातीत उतरतो, हसल्यावर वा धावल्यावर वाढतो, आणि शिट्टीसारखा आवाज श्वास सोडताना येतो. खेळामुळे येणारी धाप बहुधा खेळ थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत चढते.

स्वरयंत्राची झडप श्वास घेताना चुकून मिटत असेल तर गळ्यातच आवळल्यासारखं होतं, आवाज आत ओढताना येतो, ऐन धावताना त्रास होतो, थांबलं की झटकन उतरतो आणि पंपाने फारसा फरक पडत नाही. किशोरवयीन मुलींमध्ये, विशेषतः खेळाडू मुलींमध्ये, हे मुलग्यांपेक्षा जास्त दिसतं. दमा समजून वर्षभर औषधं घेतलेल्या मुली असतात. यावर उपाय आहे श्वासाचे व्यायाम शिकवणारा स्पीच थेरपिस्ट.

तिसरी गोष्ट रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये ॲनिमिया होता, त्याच वयाच्या मुलग्यांत ३१ टक्के. जिन्यात लागणारी धाप कधीकधी हिमोग्लोबिनचीच असते. साध्या रक्त तपासणीत कळतं. आधी ती करा.

टेन्शनही असतंच. घाबरल्यावर भराभर श्वास घेतल्याने हातापायांना मुंग्या येतात, चक्कर येते. पण टेन्शन हे निदान शेवटी करायचं असतं, सुरुवातीला नाही. आणि दमा असलेल्या मुलीला टेन्शन येऊ शकत नाही असा काही नियम नाही.

फुंकर चाचणी म्हणजे काय? दुखतं का?

स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा लावून नळीत जोरात फुंकायचं, मग पंप देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पाच-सहा वर्षांपुढची बहुतेक मुलं करतात. दुखत नाही, दम मात्र निघतो. पंपानंतर फुंकर १२ टक्के किंवा अधिक सुधारली तर दम्याचा संशय बळावतो. वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावर ‘नॉर्मल’ ठरतं, म्हणून अर्ज भरताना तो रकाना चुकवू नका. मी चुकलेले पाहिले आहेत. बरं वाटत असलेल्या दिवशी चाचणी स्वच्छ आली म्हणून दमा नाही असं सिद्ध होत नाही.

कळव्याला ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीला नवी मुंबई महापालिकेचं रुग्णालय आहे. तिथल्या बालरोग ओपीडीत चौकशी करा.

(एका नववीतल्या मुलीने चिठ्ठीवर लिहून दिलेला) पाळी येण्याआधी दोन-तीन दिवस माझा खोकला वाढतो. मैत्रिणी म्हणतात, काहीही सांगतेस. मी काहीही सांगते का?

नाही गं. दमा असलेल्या बायकांपैकी साधारण २० ते ४० टक्के जणी अगदी हेच सांगतात. पाळीच्या आधी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन झपाट्याने खाली येतात आणि काहींच्या श्वासनलिका त्याच दिवसांत जास्त चिडतात. तीन महिने एक काम कर. कॅलेंडरवर पाळीचे दिवस लाल पेनाने, खोकल्याच्या रात्री निळ्या पेनाने, आणि पंप किती वेळा घ्यावा लागला ते आकड्यात. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. लाल आणि निळं शेजारी-शेजारी बसलं, तर त्या आठवड्यापुरतं औषध कसं बदलायचं ते ते ठरवतील. स्वतःहून नको. रोजचा पंप चुकवत असशील, तर आधी तो नीट घे. बऱ्याचदा तेवढ्यानेच निभावतं.

आणखी एक गोष्ट आईला नक्की दाखव. पोट दुखतं म्हणून केमिस्टकडून आणलेल्या गोळीत मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन असतं. दमा असलेल्या काही जणांना या जातीच्या वेदनाशामकांनी, ॲस्पिरिननेही, झटका येतो. लहान वयात हे कमी, मोठेपणी जास्त. पण गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत नाक गळायला लागलं किंवा छाती आवळली, तर ती गोळी पुन्हा घ्यायची नाही आणि डॉक्टरांना सांगायचं. गरम पाण्याची पिशवी आहेच. गोळी लागलीच तर पॅरासिटॅमॉल बहुतेकांना चालतं.

पाळी दहाव्या-अकराव्या वर्षीच आली. म्हणजे दमा होणारच का?

होणारच असं नाही. बारा वर्षांच्या आत पाळी आलेल्या मुलींमध्ये दमा काहीसा जास्त आढळतो, एवढंच. वजन जास्त असलेल्या मुलींना पाळीही लवकर येते आणि दमाही जास्त होतो, त्यामुळे दोष नक्की कोणाचा ते वेगळं काढणं कठीण आहे. लक्ष ठेवा, धास्ती घेऊ नका.

वजनाचा खरंच एवढा संबंध आहे?

आहे, आणि बऱ्याच अभ्यासांत तो मुलींमध्ये जास्त ठळक दिसतो. पण ‘बारीक हो म्हणजे दमा जाईल’ असं मुलीच्या तोंडावर म्हणणाऱ्या मावश्या-काकवांना आवरा. ती खेळायची बंद होते आणि वजन अजून वाढतं.

सतत शिंका, नाक चोंदलेलं, सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका. ही नुसती सर्दी ना?

ताप नाही, पाणी पातळ, नाक-डोळे खाजतात, तळव्याने नाक वर घासायची सवय लागली आहे, डोळ्यांखाली काळसर वर्तुळं आहेत: ही ॲलर्जीची सर्दी. नाक आणि छाती ही एकाच नळीची दोन टोकं. दमा असलेल्या बहुतेकांना नाकाचाही त्रास असतो, आणि नाक आटोक्यात नसेल तर छाती आटोक्यात येत नाही. दमा आणि नाक हे दोन्ही एकदम असणाऱ्यांतही लहानपणी मुलगे जास्त असतात, आणि वयात आल्यावर हा जोड त्रास मुलींकडे सरकताना दिसतो. म्हणून मुलीच्या शिंकांना ‘नाजूक आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

नाकातला स्टिरॉइड फवारा मारताना उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा हात, नळी मधल्या पडद्यापासून बाहेरच्या बाजूला. याने रक्त येणं बरंच टळतं. नाक उघडणारे थेंब (झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन) चार-पाच दिवसांपलीकडे नकोत; नाक नंतर त्यांच्याशिवाय उघडतच नाही.

आमच्याकडे घोडबंदर रोडला मेट्रोचं काम, नातेवाईक तळोज्याला कारखान्यांजवळ. हवाच अशी, तर औषधं घेऊन काय होणार?

हवेवर आपला फार इलाज नाही, घरावर आहे. थंडीत सकाळी धुरकं खाली बसलेलं असतं तेव्हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर आकडा बघा आणि वाईट दिवशी धावणं संध्याकाळवर ढकला. खिडक्या धुळीच्या वेळी बंद, एरवी उघड्या.

घरात मात्र पुष्कळ करता येतं. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात धुळीतले कीटक गाद्या-उशांत सुखाने वाढतात. चादरी आणि अभ्रे आठवड्याला गरम पाण्यातून, साठ अंशांच्या आसपास. ओल धरलेल्या भिंतीवरची बुरशी नुसती पुसून भागत नाही. बाहेरून गळती थांबवल्याशिवाय ती दर श्रावणात परत येते, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडायला हे कारण चांगलं आहे. एसीच्या डब्यावर बसणारी कबुतरं हटवा, त्यांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, ओली करून उचला. मच्छर अगरबत्तीबद्दल २००३ सालचा एक अभ्यास मी सगळ्यांना सांगते: एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून बाहेर पडणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. मच्छरदाणी लावा.

मुलगा-मुलगी फरक इथेही आहे, आणि तो शरीराचा नाही. बारा-तेरा वर्षं झाली की बऱ्याच घरांत केरसुणी, जाळी काढणं, फोडणी आणि दिवाळीची साफसफाई मुलीकडे येते, तिचा भाऊ त्याच वेळी मैदानावर असतो. दमा तिला आहे आणि धूळ तीच उडवते. हे काम त्याच्याकडे द्या. औषधाच्या चिठ्ठीवर मी हे लिहिलेलं आहे, आणि दोन आज्या माझ्यावर रागावल्याही आहेत.

पंपाची सवय लागते ना? आणि मुलीची उंची खुंटली तर? पुढे लग्नाचं बघायचं आहे.

सवय चष्म्याची लागते तेवढीच लागते. पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. ‘पंप नको, गोळी द्या’ म्हणणारे पालक छोटा दरवाजा टाळून मोठ्याने आत जातात.

उंचीबद्दल खोटं बोलणार नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात मुलांनी चार ते सहा वर्षं रोज ब्युडेसोनाइड हे पंपातलं स्टिरॉइड घेतलं. २०१२ मध्ये त्यांच्या प्रौढपणीच्या उंचीचे आकडे आले, सरासरी १.२ सेंटिमीटर कमी, मुलींमध्ये ही घट थोडी जास्त. घट मुख्यतः पहिल्या दोन वर्षांतली, आणि पुढे ती वाढत गेली नाही. म्हणून आम्ही पुरेल तेवढा कमीत कमी डोस ठेवतो आणि दर भेटीत उंची मोजतो. आटोक्यात नसलेला दमाही उंची खातो, ते कोणी मोजत नाही.

लग्नाचं म्हणाल तर पंप लपवून ठेवलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. स्थळाला सांगायचं की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न. पण पुढे गरोदरपणात आई आणि बाळ दोघांनाही जास्त धोका असतो तो आटोक्यात नसलेल्या दम्याचा.

फक्त त्रास झाला की निळा पंप घेतला तर?

बारा वर्षांपुढे नुसत्या निळ्या पंपातल्या साल्ब्युटामॉलवर भागवू नये, असं ‘जिना’ (GINA) ही दम्याची जागतिक मार्गदर्शिका २०१९ पासून सांगते. निळा पंप नळी उघडतो, आतली सूज उतरवत नाही. महिन्यात निळा पंप संपत असेल तर लगेच भेटा.

दम्या-ॲलर्जीची मॉन्टेलुकास्ट गोळी चालू आहे आणि मुलगा चिडचिडा झालाय. वयामुळे असेल ना?

वयामुळे असेलही. पण अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधाच्या मनावरच्या परिणामांबद्दल मार्च २०२० मध्ये सर्वात कडक इशारा छापायला लावला. वाईट स्वप्नं, झोप उडणं, उदासी गोळीनंतर सुरू झाली असेल तर डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे साध्या सर्दीलाही ही गोळी सर्रास लिहिली जाते, ते मला पटत नाही.

सोळा वर्षांचा मुलगा पंप घेतच नाही. म्हणतो, मला काही होत नाही.

बहुतेक दिवशी खरंच काही होत नसतं, अडचण तीच आहे. ज्याला नळ्या मोठ्या झाल्यामुळे बरं वाटतं तो मित्रांबरोबर सिगारेट ओढून बघतो. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे, तरी पोरांच्या दप्तरात सापडते. ओरडून उपयोग नाही. वर्षातून एकदा फुंकर चाचणीचा आलेख त्याच्यासमोर ठेवा. क्रिकेट खेळणाऱ्याला स्वतःचा घसरलेला आकडा आवडत नाही.

खेळ बंद करायचा का?

नाही. पंप बॅगेत, वॉर्मअप नीट. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळाआधी पंप.

रात्री कधी धावपळ करायची?

एक वाक्य सलग बोलता येत नसेल. श्वास घेताना बरगड्यांमधली किंवा गळ्याच्या खळगीतली कातडी आत ओढली जात असेल. ओठ निळसर दिसत असतील. मूल गुंगीत जात असेल. किंवा घरघर अचानक थांबली पण मूल दमलेलंच दिसत असेल, तर सकाळची वाट बघू नका. मुलाला ताठ बसवा, झोपवू नका. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून निळा पंप डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे, एका वेळी एक फवारा आणि प्रत्येक फवाऱ्याला चार-सहा श्वास. १०८ ला फोन करा. गाडी यायच्या आधी लिफ्ट वर बोलावून ठेवा, वॉचमनला गेट उघडं ठेवायला सांगा आणि जुने केसपेपर पिशवीत टाका. स्पेसर नसेल तर त्याची किंमत उद्या बघू, आज पंप सरळ तोंडात द्या.